ती ओळ कासियाचीच आहे

कासियाबद्दल कुठेही वाचायला घेतलं की सुरुवात त्या एकाच गोष्टीने होते, बादशहाने नाकारलेली सुंदर मुलगी. मग तिचं मन मोडलं, मग ती नन झाली, आणि मठात बसून तिने आयुष्यभर रडकी स्तोत्रं लिहिली. मला ह्या गोष्टीचा खरंच राग येतो. गोष्ट वाईट आहे म्हणून नाही, ऐकायला छानच आहे, पण तिने त्या बाईला पार गिळून टाकलंय. नवव्या शतकातली बाई, कॉन्स्टॅन्टिनोपलसारख्या शहरात, स्वतः शब्द लिहिते, स्वतः चाल बांधते, आणि तिची पदं आज बाराशे वर्षांनंतरही चर्चमध्ये तिच्याच नावाने गायली जातायत, आणि आपण काय सांगतो तर तिचं लग्न कसं मोडलं. तिच्या सगळ्यात गाजलेल्या पदातली एक ओळसुद्धा लोककथा त्या बादशहाच्याच नावावर लावते.

जुन्या काळातल्या बाई संगीतकार म्हटलं की हल्ली जर्मनीच्या हिल्डेगार्डचं नाव निघतं, आणि तिचं काम मोठं आहेच, पण हिल्डेगार्ड जन्मली १०९८ मध्ये. कासिया तिच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीची.

तिचा जन्म साधारण ८०५ ते ८१० च्या दरम्यानचा, कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये, म्हणजे आजचं इस्तंबूल, तेव्हाच्या पूर्व रोमन म्हणजेच बायझंटाइन साम्राज्याची राजधानी. कासिया, कासियानी, इकासिया अशी तिची नावं वेगवेगळ्या हस्तलिखितांत वेगवेगळी येतात, ग्रीक लोक आज कासियानी म्हणतात, मी कासियाच म्हणणार आहे. घराणं मोठं. वडील ‘कांडिडाटोस’ होते, हा बायझंटाइन दरबारातला लष्करी मान होता, मूळ शब्दाचा अर्थ पांढऱ्या पोशाखातला, कारण बादशहाच्या जवळच्या पहाऱ्यातले हे लोक पांढरे कपडे घालायचे. अशा घरातल्या मुलीला घरीच शिकवत, आणि कासियाचं शिक्षण नुसतं बायबलपुरतं नव्हतं हे तिचं लिखाण वाचताना लगेच कळतं, जुनं ग्रीक साहित्य तिच्या चांगलंच हाताखालून गेलेलं होतं.

ह्याचा एक पुरावा फार सुंदर आहे. शहराच्या नैऋत्य कोपऱ्यात स्टुडिओस नावाचा प्रसिद्ध मठ होता आणि त्याचा प्रमुख थिओडोर हा त्या काळातला फार मोठा माणूस. हा थिओडोर ८२६ मध्ये वारला, आणि त्याच्या पत्रव्यवहारात कासिया नावाच्या एका मुलीला लिहिलेली तीन पत्रं आहेत. ही तीच आपली कासिया असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, पत्रं आली तेव्हा ती फार तर पंधरा-वीस वर्षांची असणार, आणि हा एवढा दरारा असलेला म्हातारा साधू तिला लिहितो की तू जे लिहिलंयस ते इतकं शहाणपणाचं आहे की इतक्या कोवळ्या मुलीत एवढं ज्ञान बघून आम्ही थक्क झालो. नन व्हायचा विचारही तिच्या मनात तेव्हापासूनच होता असं ह्या पत्रांवरून अभ्यासक सांगतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण बादशहाची गोष्ट ह्याच्या नंतरची आहे.

आता थिओडोर आणि ही सरदारकन्या एकमेकांना पत्रं का लिहीत होते, तर त्या काळात साम्राज्यात मोठा झगडा चालू होता. ख्रिस्ताची आणि संतांची चित्रं, ज्यांना आयकॉन म्हणतात, ती पूजायची की नाही. ८१५ मध्ये बादशहा पाचव्या लिओने चित्रांवर पुन्हा बंदी आणली, आणि ही बंदी ८४३ पर्यंत चालली. चित्रं काढून टाकली, पुसली, चित्रांच्या बाजूने बोलणाऱ्या भिक्षूंना हद्दपार केलं, तुरुंगात टाकलं, थिओडोरही त्यातच होता. आणि कासिया ह्या भिक्षूंना मदत करत होती. तिने त्यापायी चाबकाचे फटके खाल्ले असंही सांगतात. वडील दरबारात, राज्यकर्ते चित्रांच्या विरोधात, आणि घरातली तरुण मुलगी तुरुंगातल्या माणसांना मदत पाठवते. तिच्या नावावर एक ओळ आहे, बोलायची वेळ आलेली असताना गप्प बसणं, त्याचा मला तिटकारा आहे. ही ओळ नुसती वाचली तर सुविचार वाटतो, पण तिच्या काळात बोलायची वेळ म्हणजे काय होतं हे माहीत असलं की अंगावर येते.

बरं, आता ती गोष्ट. सांगावी लागणारच.

८३० साल. थिओफिलोस नुकताच बादशहा झालाय, कोवळा पोरगा, आणि त्याची सावत्र आई युफ्रोसिनी त्याच्यासाठी साम्राज्यभरातून निवडक मुली राजवाड्यात बोलावते. बादशहाच्या हातात सोन्याचं सफरचंद, जिला पसंत करेल तिच्या हातात ते द्यायचं. तो कासियापाशी येतो, तिच्या रूपाने भुलतो, आणि म्हणतो, बाईपासूनच सगळं वाईट आलं. म्हणजे ईव्ह, जिने देवाने मना केलेलं फळ खाल्लं. कासिया जागच्या जागी उत्तर देते, आणि बाईपासूनच चांगलंही आलं. म्हणजे मरिया, येशूची आई. ग्रीकमध्ये ही दोन्ही वाक्यं अगदी छोटी आणि एकाच घडणीची आहेत. बादशहाला हे झोंबतं, तो पुढे सरकतो आणि सफरचंद थिओडोराला देतो, पाफ्लागोनिया प्रांतातून आलेल्या मुलीला.

ही हकिगत दहाव्या शतकातल्या बखरकारांनी लिहून ठेवलीये, म्हणजे घटनेनंतर शंभरएक वर्षांनी. असं काही झालंच नव्हतं असं म्हणणारे इतिहासकार आहेत, कारण सोन्याचं सफरचंद सरळ ग्रीक पुराणातल्या पॅरिस नावाच्या राजपुत्राच्या गोष्टीतून, जो सगळ्यात सुंदर देवीला सोन्याचं सफरचंद देतो, उचललेलं दिसतं, आणि ईव्ह-मरियाची जोडी त्या काळच्या प्रवचनांमध्ये सर्रास यायची. झालं होतं असं मानणारेही आहेत. मला स्वतःला वाटतं की मुली बघण्याचा कार्यक्रम झाला असेलही, पण ते संवाद कुणीतरी नंतर घडवलेत, आणि घडवणाऱ्याला कासियाची हजरजबाबी म्हणून ख्याती माहीत असणार, नाहीतर तिच्याच तोंडी का घातले असते.

आणि जिंकलेल्या मुलीचं पुढे काय झालं हे तर फारच मजेदार आहे. थिओफिलोस चित्रांचा कट्टर विरोधक, पण थिओडोरा आतून चित्रांच्याच बाजूची निघाली. तो ८४२ मध्ये वारला, मुलगा मिखाईल अगदी लहान, कारभार थिओडोराच्या हातात आला, आणि मार्च ८४३ मध्ये तिने चित्रपूजा परत सुरू केली. म्हणजे सफरचंद मिळालेली आणि न मिळालेली दोघीही एकाच बाजूला होत्या. दोघींनाही ऑर्थोडॉक्स चर्च संत मानतं. ह्या दोघी एकमेकींशी कधी काही बोलल्या असतील का हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, एकाच शहरात राहत होत्या.

त्याच ८४३ च्या सुमारास कासियाने शहराच्या पश्चिम भागात, झेरोलोफोस नावाच्या टेकडीवर स्वतःचा मठ काढला आणि त्याची पहिली प्रमुख झाली. नीट बघा, मन मोडलेली मुलगी लग्न मोडल्यावर दुसऱ्या दिवशी मठात पळून गेली असं काही नाहीये, मध्ये बरीच वर्षं आहेत, आणि मठ काढायचा म्हणजे जमीन, पैसा, माणसं, परवानग्या, रोजचा कारभार, हे सगळं सांभाळणारी ही तिशी ओलांडलेली बाई आहे. सरदार घराण्याचा फायदा इथे झाला हे उघड आहे. हा मठ स्टुडिओसच्या फार लांब नव्हता, आणि प्रार्थनेची पुस्तकं जमवायचं, लिहायचं, नीट लावायचं मोठं काम नवव्या शतकात त्या स्टुडिओसमध्येच चाललं होतं. कासियाची पदं त्या पुस्तकांत शिरली आणि टिकली त्यामागे हा शेजार असणार असं अभ्यासकांना वाटतं, आणि मला ते पटतं. कारण नुसतं चांगलं लिहून काही टिकत नाही, ते कुणीतरी उतरवून घ्यावं लागतं.

तिच्या नावावर पन्नासच्या आसपास स्तोत्रं आहेत, त्यातली तेवीस-चोवीस नक्की तिची मानतात. बायझंटाइन संगीतात कवी आणि संगीतकार हे वेगळे नसायचे, शब्द आणि चाल एकच माणूस एकत्र करायचा. चाली आठ इखोसांत बांधलेल्या, चार मुख्य आणि चार त्यांच्या जोडीचे, प्रत्येकाची स्वरांची चौकट वेगळी, ठरलेल्या स्वरसंगती वेगळ्या, कुठे विसावायचं ते वेगळं. वाद्य नाही, फक्त आवाज. आज गातात तेव्हा एक गट खाली एकच स्वर धरून ठेवतो, त्याला इसोन म्हणतात, आणि आपल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं, आपला तानपुरा जसा सा धरून मागे उभा असतो अगदी तसं, म्हणून मी म्हणते की हे संगीत आपल्याकडच्या माणसाला ऐकायला जड जात नाही, सुरांचे गुच्छ आणि हार्मनीची सवय नसली तरी चालतं, इथे एकच चाल आहे आणि ती आडवी चालते.

तिचं एक छोटं पद आहे, नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणतात ते. त्याची बांधणी बघा. पहिली ओळ म्हणते, ऑगस्टस पृथ्वीचा एकटा राजा झाला तेव्हा माणसांची अनेक राज्यं संपली. लगेच दुसरी, तू कुमारीच्या पोटी माणूस झालास तेव्हा अनेक देवांची पूजा संपली. मग पुढची जोडी, शहरं एका राज्याखाली आली, राष्ट्रांनी एका देवावर विश्वास ठेवला. मग सीझरच्या हुकमाने लोकांची नावं नोंदवली गेली, आणि आमची नावं देवाच्या नावात नोंदवली गेली. म्हणजे एक ओळ रोमच्या सरकारी कारभाराची आणि एक ओळ देवाची, एक राजाची आणि एक बाळाची. आणि चालीची गंमत अशी की जोडीतल्या दोन्ही ओळींना चाल एकच. कान सांगतो की हे दोन सारखे आहेत, आणि शब्द सांगतात की बघ, एक किती मोठा आणि एक किती छोटा. हे ज्याला सुचलं त्याला शब्द आणि चाल वेगवेगळे सुचलेच नसणार.

दुसरं एक पद पाच हुतात्म्यांवरचं, १३ डिसेंबरचं. त्यात ती त्या पाच जणांना पाच तारांची वीणा म्हणते आणि पाच ज्योतींचा दिवा म्हणते, आणि प्रत्येकाच्या नावाच्या अर्थावर खेळत जाते. इथे ती कवी म्हणून मजा घेतेय हे दिसतं. रडकी स्तोत्रं म्हणणाऱ्यांनी हे पद एकदा वाचावं.

आणि आता ते मोठं पद. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, वर्षातून एकदाच गातात. ग्रीसमध्ये त्या दिवशी एरवी चर्चची पायरी न चढणारी माणसंसुद्धा येतात, शरीरविक्रय करणाऱ्या बायका ह्या एका संध्याकाळी मुद्दाम येतात असंही तिकडे सांगतात. गाणाऱ्याची कसोटी लागते, चाल खालपासून वरपर्यंत फिरते, आणि संथ लावली तर दहा ते वीस मिनिटं सहज चालते.

विषय लूकच्या शुभवर्तमानातला. येशू एका परुश्याच्या, म्हणजे कडक धर्मनियम पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या, घरी जेवायला बसलाय आणि गावातली बदनाम बाई सुगंधी तेल घेऊन आत येते, रडत त्याच्या पायाशी बसते, आसवांनी पाय भिजवते आणि केसांनी पुसते. बायबलमध्ये ही बाई एक शब्दही बोलत नाही. एकही नाही. सगळं बोलणं पुरुषांचं, तिच्याबद्दलचं. कासिया काय करते तर सुरुवातीच्या तीन-चार ओळी बाहेरून सांगते, पुष्कळ पापांत पडलेली ही बाई, तुझं देवपण ओळखून, पुरण्याच्या आधीच तुला गंधरस घेऊन येते, आणि मग ‘हाय’ म्हणून त्या बाईलाच बोलायला लावते, आणि शेवटपर्यंत फक्त तीच बोलते. माझी रात्र वासनेचं वेड आहे, काळोखी आहे, चंद्र नाही. माझ्या आसवांचे झरे घे, तू जो ढगांमधून समुद्राचं पाणी नेतोस. माझ्या काळजाच्या कण्हण्याकडे वाक, तू जो आकाश वाकवून खाली आलास. तुझ्या पायांचं चुंबन घेईन, केसांनी पुसेन, तेच पाय, ज्यांची चाहूल ईव्हने नंदनवनात शिळोप्याच्या वेळी ऐकली आणि भिऊन लपली.

ही ईव्हची ओळ माझ्या मते सगळ्या पदाचं शिखर आहे. आणि लोककथा काय सांगते माहितीये? म्हातारपणी, मरणाच्या आधी, थिओफिलोसला पश्चात्ताप झाला, तो कासियाला भेटायला मठात गेला, ती चाहूल लागताच लपून बसली, टेबलावर हे पद अर्धवट लिहिलेलं पडलं होतं, त्याने ते वाचलं, लेखणी उचलली, आणि ईव्हची ती ओळ त्याने लिहिली. ती नंतर बाहेर आली, ओळ बघितली, तशीच ठेवली आणि पद पुरं केलं.

म्हणजे तिच्या सगळ्यात गाजलेल्या रचनेतली सगळ्यात भारी ओळ कुणाची, तर तिला नाकारणाऱ्या बादशहाची! शतकानुशतकं लोक हे डोळे पुसत सांगतायत. मुळात थिओफिलोस ८४२ मध्ये वारला तेव्हा तो म्हातारा वगैरे नव्हताच, तिशीच्या आसपासचा असेल, हे एक. पण तेही बाजूला ठेवा आणि फक्त पद बघा. आसवं आणि समुद्राचं पाणी. वाकणारा देव आणि वाकलेलं आकाश. पाय आणि नंदनवनातली पावलं. एका बाजूला त्या खोलीतली एक छोटीशी कृती, दुसऱ्या बाजूला अख्खी सृष्टी, अशी एकामागून एक जोडी लागते, आणि ईव्हची ओळ ही त्यातल्या तिसऱ्या जोडीचा दुसरा अर्धा भाग आहे. ती काढली तर जोडी लंगडी पडते. आणि जोड्या लावणं ही कोणाची सवय आहे हे नाताळच्या पदात आपण आत्ताच बघितलं. ऑगस्टस आणि तू, नोंदणी आणि नाव. हात एकच आहे. शिवाय अर्थही बघा, ईव्ह त्या पायांची चाहूल ऐकून लपली, आणि ही बाई, जिला लपायचं ईव्हपेक्षा जास्त कारण आहे, ती भर सभेत चालत त्याच पायांशी आली. अख्खं पद ह्यासाठीच बांधलंय. हे कुणी बाहेरून येऊन मध्ये घुसडू शकत नाही. ‘बाईपासूनच वाईट आलं’ ह्याला तिने खरंच कधी उत्तर दिलं असेल तर ते राजवाड्यात नाही, ह्या ओळीत दिलंय असं मला वाटतं.

काढून घेण्याचा प्रकार एवढ्यावर थांबत नाही. ईस्टरच्या आदल्या दिवसाच्या प्रार्थनेत एक प्रसिद्ध कॅनन आहे, म्हणजे ओड नावाच्या भागांची मोठी स्तोत्रमालिका. त्याच्या सुरुवातीच्या ओड कासियाच्या आणि पुढच्या आठव्या शतकातल्या संत कोस्मासच्या. बाराव्या शतकातला लेखक थिओडोरोस प्रोड्रोमोस सांगतो की पवित्र कोस्मासच्या शब्दांबरोबर एका बाईचे शब्द गाणं बरं नाही असं वाटून नंतर ओट्रान्टोच्या मार्क नावाच्या बिशपला त्या ओडची पदं नव्याने लिहायला लावली. पण प्रत्येक ओडच्या सुरुवातीचं जे मूळ पद असतं, ज्याच्या चालीवर पुढची पदं गायची, ते तिचंच ठेवलं. कारण ते काढलं तर चालच गेली असती! म्हणजे तिचे बाकीचे शब्द चालले नाहीत, पण तिच्या चालीवाचून भागलंही नाही. आजही ‘समुद्राच्या लाटेने’ ह्या शब्दांनी सुरू होणारं ते पहिलं पद तिचंच म्हणून गातात.

स्तोत्रांशिवाय तिच्या छोट्या छोट्या कविताही आहेत, त्यात ‘मला तिटकारा आहे’ ने सुरू होणाऱ्या ओळींची एक मालिकाच आहे. स्वतःला तत्त्वज्ञ समजणाऱ्या मूर्खाचा तिटकारा, गरिबासारखं रडगाणं गाणाऱ्या श्रीमंताचा, कर्ज डोक्यावर असून बिनघोर झोपणाऱ्याचा. मठात बसलेली असली तरी माणसं तिने चांगलीच बघितलेली आहेत. सगळंच गोड नाही, आर्मेनियन लोकांवर तिच्या नावाची एक अतिशय कडवट कविता आहे, चित्रांवर बंदी आणणारा पाचवा लिओ आर्मेनियन वंशाचा होता त्याचा तो राग असेल, पण अख्ख्या जमातीला शिव्या देणं ते देणंच, आणि मला ती कविता आवडत नाही. लपवूनही ठेवणार नाही.

शेवटी ती शहर सोडून गेली आणि एजियन समुद्रातल्या कासोस बेटावर वारली अशी परंपरा आहे. तिचा स्मरणदिन ७ सप्टेंबर. चौदाव्या शतकात निकेफोरोस कॅलिस्टोस झांथोपौलोसने मोठ्या स्तोत्रकारांची यादी केली त्यात बाई एकच, कासिया.

तिच्या हातचं काहीच उरलेलं नाही. तिच्या पदांवर स्वरखुणा असलेली जुनी हस्तलिखितं तिच्यानंतरच्या शतकांतली आहेत, आणि सुरुवातीच्या खुणा अशा की चाल वर जातेय की खाली एवढं कळतं, नक्की किती ते नाही, ती गाणाऱ्याला आधीच पाठ असायची. स्वरांतली अंतरं नीट सांगणारी लिपी बाराव्या शतकापासूनची. आजच्या चर्चमध्ये मोठ्या पदाच्या ज्या लांबलचक चाली गातात त्या अजून नंतरच्या उस्तादांच्या आहेत. म्हणून तिच्या जवळ जायचं असेल तर मध्ययुगीन हस्तलिखितांवरून केलेली रेकॉर्डिंग्ज ऐका, जर्मनीतल्या वोकामे ह्या बायकांच्या गटाने २००९ मध्ये केलंय आणि अमेरिकेतल्या काप्पेला रोमानाने २०२१ मध्ये, दोन्ही ऑनलाइन मिळतात. आधी नाताळचं छोटं पद लावा, दोनदा लावा, जोड्या कानात बसू द्या, आणि मग मोठं. मोठं पद ऐकताना शब्दांचा अर्थ समोर उघडून ठेवा, मागे लावून दुसरं काम करू नका.